बाळ सांभाळणाऱ्या बाईचं कसब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या चाळींत किंवा बदलापूरच्या नव्या सोसायट्यांत बाळ येणार म्हटलं की मालिशवाली नाहीतर दिवसरात्र राहणारी बाई शोधायची धावपळ सुरू होते. आजी गावाला, नवऱ्याची रजा चार दिवसांची. चौकशीचा प्रश्न एकच : अनुभव किती? स्वतःची लेकरं वाढवलेल्या, दहा घरची बाळंतपणं काढलेल्या बाईला काय शिकवायचं, हा समज पक्का आहे. तो अर्धाच खरा. अनुभवाने हात सराईत होतो, पण पिढ्यानपिढ्या चालत आलेली चूकही अनुभवच पक्की करतो. न्हाऊ घालून झाल्यावर नाकात तेलाचे थेंब सोडले तर तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट चाटवल्याने बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. हे सगळं करणाऱ्या बाईच्या मायेत काडीची उणीव नसते. तिला कुणी शिकवलेलं नसतं.

शिकवल्याने किती फरक पडतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. श्वास मोजायला त्यांनी साधं मण्यांचं यंत्रही केलं होतं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटभराची वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर श्वास जलद. मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे तान्ह्या बाळाला धोका, एवढं ठरलेलं. ‘बाळ जरा धापतंय’ या अंदाजाच्या जागी आकडा आला, आणि व्यावसायिकपणा मला तिथेच दिसतो.

यावर कुणी म्हणेल, गडचिरोलीत दवाखाना लांब. आपल्याकडे उल्हासनगरच्या कॅम्प 3 मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, गल्लीगल्लीत बालरोगतज्ज्ञ आहेत. पण साधी प्रसूती झालेली बाई दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि नवजात मृत्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. बाळ अंगावर ओढत नाही, हातपाय गार लागतात, पिवळेपणा तळव्यांपर्यंत पोचलाय, हे आधी घरातल्याच कुणाला तरी दिसावं लागतं. म्हणूनच 2011 पासून आशाताईंच्या घरभेटींचे दिवस ठरलेले आहेत : 3, 7, 14, 21, 28 आणि 42. मधल्या दिवसांत बाळाजवळ असते ती कामावर ठेवलेली बाई.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा : पांढरा कोट आणि बाई पुरवणाऱ्या सेंटरचं ओळखपत्र म्हणजे नर्स. नर्सिंगमध्ये एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली बाई नर्स नव्हे, आणि ते तिने स्वतःहून सांगावं. ताप आला म्हणून मनाने औषधाचे थेंब देणारी हुशार नव्हे. ‘ताई, आत्ता डॉक्टरकडे चला’ म्हणणारी हुशार. हात साबणाने धुणं, दूध, शू-शी लिहून ठेवणं, घरातल्या गोष्टी बाहेर न नेणं हेही याच शिस्तीत आलं. शिस्तीने माया आटते, ही भीती मला पटत नाही. शिस्तीमुळेच रात्री तीन वाजता दमलेल्या बाईच्या हातूनही चूक टळते.

मात्र ही अपेक्षा एकतर्फी ठेवता येणार नाही. ‘पैसे मोजतो, तर चोवीस तास राबली पाहिजे’ हाही गैरसमजच, आणि माझ्या मते सगळ्यांत घातक. झोप न मिळालेली बाई बाळ छातीशी घेऊनच डुलकी घेते; त्यात बाळ गुदमरू शकतं. घरकामगारांसाठी राज्यात 2008 पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तिच्या झोपेचे तास शेवटी त्या घरालाच ठरवावे लागतात. तेव्हा बाई ठेवताना अनुभवासोबत धोक्याची लक्षणं विचारा, कामाचे तास आणि सुट्टी कागदावर लिहून द्या, आणि 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये पहिल्याच दिवशी टाका. खर्चाच्या विचाराने थांबू नका; आजारी तान्ह्या बाळाचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत आहेत.