यंत्राला ‘साडेबारा टक्के’ कळतात का?

नवी मुंबईजवळच्या जासई गावात ‘साडेबारा टक्के’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनी, शेतकऱ्यांच्या लढ्याचं दि. बा. पाटील यांनी केलेलं नेतृत्व, जानेवारी १९८४ मधला गोळीबार, त्यात गेलेले पाच शेतकरी आणि त्या लढ्यातून हाती आलेला, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क, सगळं त्यात येतं. आज मोबाइलवरचा चॅटबॉटही याचं नेटकं उत्तर देऊ शकतो. मग गावातल्या आजोबांना जे कळतं, ते त्यालाही कळलं का?

खाडीपलीकडे, पवईच्या आयआयटीत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक राजकिशोर नाथ यांनी हाच प्रश्न हाताळला आहे. ‘फिलॉसॉफी ऑफ आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे त्यांचं पुस्तक २००९ चं, म्हणजे चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीचं. मन म्हणजे निव्वळ यंत्रणा, हे मत ते खोडून काढतात. जाणीव ज्याची त्यालाच आतून असते. यंत्राच्या भाषेत ती मांडता येत नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे.

वाद जुना आहे. अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० मध्ये, यंत्र विचार करतं का हे ठरवायला संभाषणाची कसोटी सुचवली. तत्त्वज्ञ जॉन सर्लने १९८० मध्ये तिला आव्हान दिलं: चिनी न येणारा माणूस खोलीत बसून नियमपुस्तक बघत चिनी प्रश्नांना अचूक उत्तरं देईल, पण त्याला त्यातलं अक्षरही कळलेलं नसेल.

आपल्याकडची दर्शनं इथे फार उपयोगी पडतात. सांख्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही जड प्रकृतीचीच रूपं; चैतन्य फक्त पुरुषाचं, म्हणजे साक्षी आत्म्याचं. विचार करणारं यंत्र पाहून सांख्य दचकणार नाही, हे सगळं पाहतो कोण, एवढंच विचारेल. चार्वाक उलट बाजूला. जड भूतांच्या, म्हणजे मूलतत्त्वांच्या, संयोगातूनच चैतन्य उपजतं, हे त्याचं म्हणणं. पण ती भूतं देहरूपाला आलेली हवीत, ही अटही त्याचीच. मला ती अट मोलाची वाटते. जासईकरांना देह होता, म्हणून जमीन गेली तेव्हा पोटाचा प्रश्न उभा राहिला, गोळीची भीती अंगावर आली. चॅटबॉटला गमावण्यासारखं काहीच नाही.

नाथांच्या भूमिकेवर एक आक्षेप मात्र उरतोच. मेंदूतल्या एकेका पेशीलाही काही कळत नसतं, तरी त्या मिळून आपल्याला कळतं. मग सिलिकॉनला मज्जाव का? प्रश्न रास्त आहे. पण नुसत्या बिनचूक उत्तरांनी तो सुटत नाही.