दहन कीं दफन?

अस्थि गंगेंत वा गोदेंत सोडल्यावांचून अन्त्यसंस्कार पुरा झाला असें आपणांस वाटत नाहीं. ख्रिस्ती इतिहासांत मात्र नदींत टाकलेल्या राखेची आठवण फार कडू आहे. इ. स. १७७ मध्यें, आजच्या फ्रान्समधील लियों येथें, हुतात्मा झालेल्या ख्रिस्ती लोकांचीं प्रेतें जाळून छळकर्त्यांनीं त्यांची राख र्‍होन नदींत लोटून दिली. यांचें पुनरुत्थानच खुंटावें, हा हेतु! ईश्वराला राखेंतूनहि देह उठवितां येतो, असा ख्रिस्ती धर्मवेत्त्यांचा विश्वास होता. तथापि येशूस थडग्यांत ठेविलें होतें, म्हणून दफनाचीच चाल दृढ झाली.

मग रोमन कॅथॉलिक चर्चनें १८८६ सालीं दहनास बंदी कां केली? कारण अग्नीचें भय नव्हे. युरोपांत दहनाचा पुरस्कार करणारांत चर्चचे कडवे विरोधक पुष्कळ होते, व पुनरुत्थानावर आपला विश्वास नाहीं हें ते चितेनेंच जाहीर करूं पाहत. हा विरोधाचा रंग ओसरल्यावर, १९६३ सालीं, चर्चनें बंदी सैल केली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चचा कल मात्र अद्यापि दफनाकडेच आहे.

आतां दोन्ही रीती एक झाल्या असें कोणी समजूं नये. २०१६ सालच्या कॅथॉलिक आदेशाप्रमाणें राख पाण्यांत वा वाऱ्यावर सोडावयाची नाहीं, सामान्यतः घरींहि ठेवावयाची नाहीं; दफनभूमीसारख्या पवित्र स्थळींच ती ठेवावयाची. मृताचें नांव विसरलें जाऊं नये आणि प्रार्थनेस जावयाला आप्तांस एक जागा असावी, एवढ्यासाठीं हा आग्रह.