तिसऱ्या तारेचा हिशेब

एप्रिल उजाडला की जयपूरच्या शास्त्रीनगरात कूलरवरची आच्छादने निघू लागतात. टाकी धुतली जाते, वाळ्याची नवी ताटी बसते, पंप फिरतो की नाही ते पाहिले जाते. पाहायची राहते ती वायर.

पत्र्याचा सांगाडा, पायाशी ओल आणि २३० व्होल्ट दाबाची वीज यांचा इतका निकट सहवास घरातील अन्य उपकरणांत क्वचितच आढळतो. ऊन-पावसाने वायरचे आवरण ठिसूळ होते, पंपाच्या वेटोळ्यात ओल शिरते. फेजची तार आतून पत्र्याला टेकली, तरी कूलर पूर्ववत चालू राहू शकतो. अशा वेळी विजेला सुरक्षित वाट देते ती अर्थिंगची तिसरी तार. ती तुटलेली असेल, तर उपकरण कोणतीही तक्रार करीत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणाऱ्या हाताला ती उणीव प्रथम कळते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणूनच 'चालते आहे' याचा अर्थ 'सुरक्षित आहे' असा होत नाही.

पहिली तपासणी डोळ्यांची. प्लग सॉकेटमधून काढून वायर टोकापासून टोकापर्यंत पाहावी. चीर, चिकटपट्टीचा जोड, काळवंडलेली पिन किंवा प्लगपाशी सैल झालेली वायर दिसल्यास ती बदलावी. तीन पिनांचे उपकरण दोन पिनांच्या जोडणीवर चालविणे म्हणजे तिसरी तार स्वहस्ते तोडणेच होय.

पुढील दोन चाचण्या जाणकार वीजतंत्रज्ञाकडून करून घ्याव्यात. प्लगची मोठी पिन आणि कूलरचा पत्रा यांमधील रोध अत्यल्प भरला, तर वायरमधील अर्थिंगची तार अखंड आहे. त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने आवरणाचा रोध मोजतात. तो सामान्यतः किमान १ मेगाओहम असावा. भिंतीतील सॉकेटचे अर्थिंगही याच वेळी तपासून घ्यावे, अन्यथा अखंड वायरही निरुपयोगी ठरते.

घरातील एमसीबी अतिभार आणि शॉर्टसर्किट रोखते; माणसाच्या देहातून जाणारा अल्प प्रवाह तिच्या लक्षातही येत नाही. ते काम आरसीसीबीचे. तिची रीत बँकेच्या ताळमेळासारखी आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परतला पाहिजे; नावे आणि जमा यांतील तफावत ३० मिलिअँपिअरवर जाताच ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. मात्र ती अर्थिंगला पर्याय नव्हे, जोड आहे.

हे सारे झाल्यावरही एक शिस्त उरतेच : कूलरला हात लावण्यापूर्वी, पाणी भरण्यापूर्वी, बटण बंद करून प्लग काढावा.

३१ मार्चला वर्षाचे हिशेब पूर्ण होतात. १ एप्रिलला कूलर सुरू करण्यापूर्वी तिसऱ्या तारेचाही हिशेब पाहून घ्यावा. त्यातील चूक पुढील वर्षी दुरुस्त करता येईलच, असे नाही.