आधार, चिप आणि ६६६ : खरे काय, खोटे काय?





नंदुरबार जिल्ह्यातील डोंगरपाड्यांवर आरोग्य आणि साक्षरतेचे काम करताना मला हल्ली औषधांइतकेच प्रश्न मोबाइल आणि आधारबद्दल विचारले जातात. "ताई, अंगठा लावला की आपण कुठे आहोत ते सरकारला दिसते का?" "सुईतून चिप घालतात म्हणे, खरे का?" "आधारचा नंबर म्हणजेच शास्त्रातला ६६६ का?" असे विचारणारे लोक भोळे आहेत असे कृपया समजू नका. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन गमावली, त्यांनी अंगठा मागणाऱ्या यंत्राकडे संशयाने पाहावे यात नवल नाही.

मात्र अफवेवर विश्वास ठेवून कोणी ई-केवायसी टाळली तर रेशन अडते. लस टाळली तर जीव धोक्यात येतो. आणि हे संदेश पाड्यावर तयार होत नाहीत. ते शहरातून, सुशिक्षित घरांतून, कधी कधी मंडळीच्या प्रार्थना-ग्रुपवरूनही फिरत फिरत वर डोंगरात पोहोचतात. म्हणून हा लेख पाड्यावरच्या बंधुभगिनींइतकाच तुमच्यासाठीही आहे.

आधारमध्ये नेमके काय असते?

देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी एका आदिवासी भगिनीला देण्यात आला. तेव्हापासून त्याच्याभोवती अफवाही फिरत आहेत.

आधारच्या नोंदीत नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा असते. मोबाइल क्रमांक दिला तर तोही असतो. २०१६ च्या आधार कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की धर्म, जात, जमात, वंश, भाषा, उत्पन्न आणि आजारपणाचा इतिहास ही माहिती आधारसाठी घ्यायची नाही. जमिनीचाही रकाना त्यात नाही.

ही गोष्ट आमच्या विश्वासी कुटुंबांना मी मुद्दाम सांगते, कारण त्यांच्यात एक वेगळीच भीती आहे : "आधारवरून आपण ख्रिस्ती आहोत हे कळेल आणि आदिवासींच्या सवलती जातील." आधारवरून धर्म कळत नाही, कारण तो त्यात लिहिलेलाच नसतो. शिवाय अनुसूचित जमातीचा दर्जा आज धर्मावर अवलंबून नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. जमातींच्या आदेशात तशी अट नाही. ती आणावी अशी मागणी काही जण करतात, पण मागणी म्हणजे कायदा नव्हे.

रेशन दुकानात अंगठा लावला की यंत्र आधारच्या केंद्राला एवढेच विचारते, "हा ठसा या क्रमांकाचा आहे का?" उत्तर हो किंवा नाही असे येते. ठसा कधी आणि कोणत्या यंत्रणेमार्फत तपासला याची नोंद तिथे राहते. ती सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले. किती गहू-तांदूळ नेला ही नोंद पुरवठा खात्याकडे असते, जशी पूर्वी वहीत असे. दुकानातून घरी गेल्यावर तुम्ही कुठे जाता, कोणाच्या घरी प्रार्थनेला बसता, हे त्या अंगठ्यावरून कोणालाही कळत नाही.

६६६ ची भीती

प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील खुणेचा संबंध आधारशी जोडणारे संदेश आपल्या ओळखीचे आहेत. ही भीती नवी नाही. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील एका दुकानात बारकोड लावलेली वस्तू पहिल्यांदा विकली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत बारकोडच्या कडेच्या आणि मधल्या रेषांत तीन सहा लपले आहेत, असे पसरले. त्या रेषा सहाच्या खुणेसारख्या दिसतात हा योगायोग आहे, असे तो तयार करणाऱ्या जॉर्ज लॉरर यांनी वारंवार सांगितले. आज बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यावर बारकोड असतो आणि आपण तो निर्धास्तपणे घरी आणतो.

आधार हा बारा अंकी क्रमांक संगणक कोणताही क्रम न ठेवता देतो. तो कपाळावर किंवा हातावर उमटवत नाहीत. त्या अध्यायातली खूण श्वापदाच्या उपासनेशी जोडलेली आहे. रेशनसाठी अंगठा लावताना कोणी कोणाची उपासना करत नाही. शास्त्रवचनाचा अर्थ पाळकांनी सांगावा हे योग्य. पण त्या वचनाच्या नावाने कोणा मातेचे धान्य अडू नये, एवढे तरी आपण पाहू शकतो.

सुईतली आणि नोटेतली चिप

नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नोट आली तेव्हा तिच्यात उपग्रहाला दिसणारी चिप आहे, असे काही वाहिन्यांनीही दाखवले. रिझर्व्ह बँकेने ते फेटाळले. पुढे १६ जानेवारी २०२१ रोजी करोनाचे लसीकरण सुरू झाले आणि तीच चिप अफवेने लशीत नेऊन ठेवली.

पाड्यावर मी हे असे समजावते. आपला मोबाइल आपण कुठे आहोत ते कसे शोधतो? तो किमान चार उपग्रहांचे संकेत पकडतो आणि जागेचा हिशेब करतो. उपग्रह स्वतः आपल्याला पाहत नाही. ती जागा दुसऱ्याला कळवायची तर टॉवरची रेंज लागते. या सगळ्याला बॅटरी लागते, म्हणून फोन रोज चार्ज करावा लागतो. मग बारीक सुईतून जाणारी, बॅटरी नसलेली, कधी चार्ज न होणारी वस्तू वर्षानुवर्षे संदेश कसा पाठवील? ज्या पाड्यावर फोन लावायला टेकडीवर चढावे लागते, तिथे दंडातल्या चिपला रेंज कुठून मिळेल? असे विचारले की बायका हसतात, आणि हसल्या की भीती निम्मी होते.

आणखी एक साधी गोष्ट. कोविशील्डच्या कुपीत दहा जणांचे डोस असत आणि प्रत्येकाला अर्धा मिलिलिटर दिला जाई. कुपीत चिपा असत्या तर कोणाच्या वाट्याला तीन आल्या असत्या आणि कोणाला एकही नाही!

"तिसरी लाल टिक आली तर सरकारने वाचले"

व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरणारा हा संदेशही खोटा आहे आणि पत्र सूचना कार्यालयाने तसे जाहीर केले आहे. व्हॉट्सॲपवर एक राखाडी टिक म्हणजे संदेश गेला, दोन म्हणजे पोहोचला आणि दोन निळ्या म्हणजे वाचला. तिसरी टिक नाहीच.

मग सरकार पाहतच नाही का?

असे मी म्हणणार नाही. एक खोटे खोडताना दुसरे सांगणे बरोबर नाही.

फोन चालू असला की तो कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहे हे कंपनीला कळते. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला याची नोंद कंपनीने किमान दोन वर्षे ठेवावी, असा परवान्याचा नियम आहे. तपासासाठी पोलीस ती मागवू शकतात. बोलणे ऐकायचे असेल तर साधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो आणि तो समितीने तपासायचा असतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मर्यादांमधून हे नियम आले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

नियम नेहमी पाळले जातात का, हा प्रश्न रास्त आहे. पेगासस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. त्यांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगाससच असे सिद्ध झाले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असेही न्यायालयात सांगण्यात आले. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे आणि तिच्यावर जाणकारांनी आक्षेप घेतला आहे.

हे प्रश्न विचारता येतात, न्यायालयात नेता येतात. नसलेल्या चिपेविरुद्ध कोणाकडे दाद मागणार? अफवेने लोक घाबरून गप्प होतात आणि खरा प्रश्न मागेच राहतो.

खरे दुखणे

आमच्या लोकांना आधारमुळे जो त्रास होतो तो नजर ठेवल्याचा कमी आणि वगळल्याचा जास्त. दगड-मातीत राबून बोटांच्या रेषा पुसट होतात आणि यंत्र "नाही" म्हणते. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधार न जोडल्याने रेशन बंद होते आणि ती भुकेने गेली, असे आईने सांगितले. प्रशासनाने मलेरियाचे कारण दिले. त्यानंतर केंद्राने राज्यांना बजावले की केवळ आधार नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये. ठसा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारता येत नाही, हे २०१८ च्या निकालातही आहे.

दुसरा त्रास फसवणुकीचा. मजुरीचे पैसे काढताना एखादा मध्यस्थ "अंगठा नीट आला नाही" म्हणून दोनदा लावून घेतो आणि खात्यातून दोनदा पैसे जातात.

म्हणून पाड्यावर आम्ही या गोष्टी शिकवतो, आणि तुम्हीही आपल्या घरी काम करणाऱ्यांना सांगाव्यात :

- अंगठा लावला की दर वेळी पावती मागा आणि पासबुक भरून घ्या.
- ठसा जुळत नसेल तर बुबुळाची तपासणी किंवा मोबाइलवरील ओटीपीची सोय मागा. दुकानदाराने नकार दिला तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार करा.
- आधारची झेरॉक्स सर्रास देऊ नका. शेवटचे चारच अंक दिसणारे आधार संकेतस्थळावरून काढता येते.
- ठसे आधारच्या ॲपमधून कुलूपबंद करता येतात. पण रेशन अंगठ्यावर घेणाऱ्यांनी कुलूप उघडायला शिकल्याशिवाय ते लावू नये, नाहीतर दुकानात ठसा जुळणार नाही. अडचण आल्यास १९४७ या क्रमांकावर फोन करावा.

आधार जोडलेल्या रेशनकार्डाचा एक फायदाही सांगायला हवा. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला आता तिथल्या दुकानातून आपल्या हक्काचे धान्य घेता येते. चिपेच्या भीतीने ज्याने आधार जोडलेच नाही, त्याचे चार महिन्यांचे धान्य इथेच राहते.

वाचकहो, अफवा जीवही घेते. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी मने आधीच पेटली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

पाच ठिकाणी तरी तो कशाला पाठवायचा? पुढच्या वेळी मंडळीच्या ग्रुपवर चिपेचा किंवा ६६६ चा संदेश आला तर तो तिथेच थांबवा आणि पाठवणाऱ्याला प्रेमाने फोन करा. आमच्या पाड्यांसाठी तुम्ही वस्त्रे, औषधे आणि देणग्या पाठवता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. न पाठवलेला खोटा संदेशही आम्ही मदतच समजू.

प्रार्थनेत आमची आठवण असू द्यावी.