पाटीवर लांझोऊ, मालक हुआलोंगचे

शांघायमध्ये आमच्या वसतिगृहामागच्या गल्लीत नूडल्सचं एक छोटं दुकान आहे. सहा टेबलं, भिंतीवर पदार्थांचे फिकट झालेले फोटो, आणि काचेपलीकडे मळलेल्या मैद्याचा लांब गोळा ओट्यावर आपटणारा माणूस. तो गोळा ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. दर घडीला नूडल्स दुप्पट होतात, म्हणजे आठव्या घडीला 256. दहा मिनिटांत वाडगं समोर येतं: गोमांसाचा नितळ रस्सा, मुळ्याच्या पांढऱ्या चकत्या, वर मिरचीचं लाल तेल आणि कोथिंबीर. पाटीवर लिहिलंय ‘लांझोऊ लामियन’. लामियन म्हणजे ओढलेल्या नूडल्स आणि लांझोऊ ही गान्सू प्रांताची राजधानी.

अशा पाट्या चीनमध्ये शहरोशहरी दिसतात. म्हणून स्थलांतरावरच्या माझ्या पहिल्या प्रस्तावात मी बिनधास्त लिहून टाकलं, की लांझोऊहून आलेल्या लोकांचा माग काढायला या दुकानांची यादी पुरेल. पाट्या मोजा, नकाशावर ठिपके मारा, झालं! मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘कशावरून?’

मला राग आला, खरं सांगायचं तर. पाटीवरच लिहिलंय की! तरी दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर मालकांना विचारलं, ‘लांझोऊत कुठले तुम्ही?’ ते हसले. ते लांझोऊचे नव्हतेच. शेजारच्या छिंगहाय प्रांतातल्या हुआलोंग तालुक्याचे.

आता एका मालकाचं उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. पण ते घेऊन वाचायला बसल्यावर कळलं, की हे अभ्यासकांना चांगलंच ठाऊक आहे. लांझोऊबाहेरची अशी बरीच दुकानं हुआलोंगच्या लोकांची आहेत, त्यातले बहुतेक हुई मुसलमान. (दारावर हलालची खूण असते, ती मी रोज पाहत होतो आणि तिचा विचारच केला नव्हता.) हुआलोंग डोंगराळ आणि गरीब. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथले काहीजण पार दक्षिणेकडच्या शियामेन बंदरात गेले, दुकान काढलं. मग भाऊ आला, मेहुणा आला, गाववाले आले. आधी नोकर, मग कारागीर, मग उसनवारी करून स्वतःचं दुकान. पुढे स्थानिक सरकारनेही प्रशिक्षण आणि कर्जं दिली. नाव मात्र लांझोऊचंच घेतलं, कारण ते गिऱ्हाइकाला माहीत होतं. हुआलोंग कोणाला ठाऊक?

म्हणजे माझ्या नकाशावरचे ठिपके बरोबर आले असते, पण त्यांचं मूळ गाव चुकलं असतं. सगळा प्रबंध चुकीच्या प्रांतावर उभा राहिला असता. संशोधनपद्धतीच्या तासाला ‘वैधता’ हा शब्द आपण पाठ करतो, तो हाच: जे मोजतोय असं म्हणतो, तेच मोजतोय का? पाटी मोजली की ब्रँड मोजला जातो, माणसाचं गाव नाही. मुंबईतल्या ‘उडुपी’ पाट्या मोजून उडुपीकरांची संख्या काढणारा आपल्याला हास्यास्पद वाटेल. परक्या देशात मात्र आपण अगदी तेच करतो.

इथे दुसरा एक खड्डा आहे. हे कळल्यावर ‘म्हणजे ही दुकानं नकली’ असं लिहायचा मोह होतो. लांझोऊचे लोक तसं म्हणतातही. त्यांच्याकडे ही सकाळची न्याहारी आहे, आणि ते तिला लामियन न म्हणता ‘न्यूरौ म्यन’, म्हणजे गोमांसाच्या नूडल्स, म्हणतात. पण अस्सल कोण हा निवाडा आपला नाही. तो वाद कोण घालतो, कशासाठी घालतो, ही आपली नोंद. माझ्या सुधारित प्रस्तावात आता हाच प्रश्न आहे: दुसऱ्याच्या शहराचं नाव लावून धंदा करणारे लोक स्वतःच्या गावाबद्दल कधी आणि कोणाला सांगतात?

तुम्हीही अशा ठिकाणी माहिती घ्यायला जाणार असाल, तर दुपारी बारा-एकला जाऊ नका. तेव्हा मालकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. तीनच्या सुमाराला जा. आधी वाडगं मागवा, पैसे द्या, खा. आपण विद्यार्थी आहोत आणि हे कशासाठी विचारतोय ते सांगा, आणि त्यांनी ‘हो’ म्हटल्यावरच वही काढा. मी पहिल्या दिवशी हे काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती पहिली गप्पा माझ्या सामग्रीत धरलेली नाही. पुन्हा जाऊन, रीतसर विचारून घेतली. त्या वेळी ते जास्त बोलले.