दंडाच्या कागदावर सही कोणाची?

सिग्नल तोडला, चौकातल्या कॅमेऱ्याने टिपला आणि काही दिवसांनी दंडाचा कागद घरी आला. आता आपल्याकडेही यात नवल राहिलेले नाही. पण गाडीवाल्याचा गुन्हा झाला, हे ठरवले कोणी? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

तेथे २००३ मध्ये सिग्नल तोडणाऱ्या गाडीने मार्क वँडल या तरुणाचा बळी घेतला. त्याची पत्नी तेव्हा गरोदर होती. तिने केलेल्या पाठपुराव्यातून २०१० मध्ये त्याच्याच नावाने कॅमेऱ्यांचा कायदा झाला. दंड १५८ डॉलर, त्यातले ७५ नगरपालिकेला. कागद काढण्याचा अधिकार मात्र नेमलेल्या वाहतूक अधिकाऱ्यालाच. हा अधिकारी पोलिसच हवा असे नाही. त्याला शस्त्र नाही, अटकेचा अधिकार नाही, पण २०० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे. चित्रे त्याच्याआधी पालिकेच्या 'एजंटा'ने पाहिली तरी चालतील, अशीही मुभा होती. त्या एका शब्दातून खासगी कंपनी आत शिरली.

हॉलिवूड शहराने (सिनेमाचे नव्हे, त्याच नावाचे फ्लोरिडातले) हे काम ॲरिझोनातील एका कंपनीला दिले. कोणती चित्रे अधिकाऱ्यापुढे ठेवायची, हे कंपनीची माणसे निवडत. अधिकाऱ्याने संगणकावर 'मान्य'चे बटण दाबले की गाडीमालकाचे नाव शोधणे, अधिकाऱ्याच्या सहीनिशी कागद छापणे, टपालात टाकणे आणि न्यायालयाला कळवणे, सारे कंपनीच करी. ऑक्टोबर २०१४ मध्ये अपील न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. शिक्षा करण्याची सत्ता अशी कंत्राटाने देता येत नाही, असा त्याचा अर्थ होता. काही शहरांनी कॅमेरेच बंद केले.

वाद पैशांपुरता नव्हता. तिथे लाल दिवा असतानाही उजवीकडे वळता येते आणि वळण 'काळजीपूर्वक' घेतले असेल तर कॅमेऱ्याच्या चित्रावरून दंड करू नये, असे कायदाच सांगत होता. आता काळजीपूर्वक म्हणजे काय, हे यंत्राला काय कळणार! आणि ज्याच्यावर कोणतीच जबाबदारी नाही, त्या कंपनीच्या नोकराने ते का ठरवावे?

अव्हेंच्युरा शहराचा खटला ३ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो मात्र उलट. चित्रे कशी निवडायची याचे लेखी नियम त्या शहराने कंपनीला घालून दिले होते; शंका असेल तर चित्र अधिकाऱ्याकडेच पाठवायचे होते. अशी चाळणी चालेल, छपाई आणि टपाल ही तर कारकुनी कामे, असे न्यायालय म्हणाले. गुन्हा झाला की नाही याचा निर्णय मात्र अधिकाऱ्याचाच हवा. निकाल पटण्यासारखा आहे. पण दिवसभर चित्रांमागून चित्रे पाहणारा अधिकारी बटण दाबण्यापूर्वी किती क्षण थांबतो, हे कागदावर कुठेच उमटत नाही.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने असे कॅमेरे मोटार वाहन कायद्यात आले. ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी पुराव्यात गुन्ह्याचे आणि नंबरप्लेटचे स्पष्ट छायाचित्र, तारीख, वेळ आणि ठिकाण असावे, असे घालून दिले. ई-चलान हाती पडले की आधी ते चित्र उघडून पाहावे. गाडी आपलीच आहे ना, एवढे तरी कळते.