नकाशातलं शहर – भाग ९ : निळी रेषा, लाल रेषा

मागच्या भागात चटई क्षेत्र निर्देशांकाचं गणित सोडवलं. आज नदीकाठी जाऊ.

पुण्याच्या विकास आराखड्यात मुठेच्या दोन्ही काठांनी दोन रेषा धावतात. नदीजवळची निळी, तिच्याबाहेरची लाल. या पूररेषा जलसंपदा विभाग आखतो आणि महापालिका त्या आराखड्यावर उतरवून घेते. ठरावीक अंतरावर नदीपात्राचे आडवे छेद घ्यायचे, अमुक विसर्गाला पाणी कुठवर चढेल ते काढायचं आणि ती पातळी काठावर जिथे टेकते ते बिंदू जोडायचे, अशी ही रीत. निळ्या रेषेमागे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर असतो, लाल रेषेमागे १०० वर्षांतून एकदा येणारा.

‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. एकदा येऊन गेला, आता नातवंडांनी बघावं! प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का, आणि यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. २० वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत लाल रेषेला पाणी लागण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेची तर ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. (पानशेत फुटून १९६१ साली आलेला पूर या हिशेबात धरायचा नाही. तो धरणफुटीचा होता.)

आता नियम. राज्याच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध आहे. तिथे बाग, हिरवळ, उघडं वाहनतळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र असं चालतं, घरं नाहीत. अधिकृत जुन्या इमारतींचा पुनर्विकास मात्र जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीवर होऊ शकतो. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधता येतं, फक्त लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंचावर.

माझी हरकत या दीड फुटाला आहे. इमारत खांबांवर उभी राहिली आणि खालून पाणी वाहू दिलं, तर ठीक. पण रात्री डंपर येतात, राडारोडा ओततात, रोलर फिरतो आणि प्लॉटच वर येतो. त्या जागेत मावणारं पाणी मग शेजारच्या जुन्या सोसायटीच्या तळमजल्यात जातं. एका प्लॉटच्या भरावाने पातळी बोटभरही वाढणार नाही, म्हणून प्रत्येक परवानगी सुटी पाहिली तर निर्दोष दिसते. पन्नास परवानग्यांची बेरीज करण्याचं काम मात्र कुणाच्याच टेबलावर नसतं. शिवाय रेषा आखली तेव्हाचा छेद आता राहिलेला नसतो.

मुठेवर निळी रेषा ६० हजार क्युसेकला आखली आहे, लाल रेषा १ लाखाला. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्यात गेले. लोकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. भिडे पूल पाण्याखाली जाणं पुणेकरांच्या अंगवळणी पडलंय, पण हे त्यातलं नव्हतं. पात्रातला भराव किती कारणीभूत आणि धरणाखाली पडलेला पाऊस किती, यावर भांडता येईल. निळ्या रेषेच्या हिशेबातला जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त विसर्ग घरात शिरतो, एवढं पाहिल्यावर ते छेद पुन्हा घ्यायला हवेत यावर भांडण नसावं.

नदीकाठी घर घेणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. सातबाऱ्यावर पूररेषा नसते. झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. त्यावर रेषा दिसली, तर तुमच्या जागेपाशी लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर आहे ते विचारा आणि वाहनतळाच्या फरशीची पातळी वास्तुविशारदाकडून लेखी घ्या. सोसायटीतून मुख्य रस्त्यावर जाणाऱ्या गल्लीची पातळीही त्याच कागदावर मागा. इमारत दीड फूट वर आणि गल्ली चार फूट पाण्यात, अशी घरं नदीकाठी कमी नाहीत.

(पुढील भागात : ना-विकास क्षेत्र)